त्या प्लॅनमध्ये जिना कुठंय?

"ताई, घरात आम्ही पाच जणं. मी, नवरा, मुलगी १५ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा आणि सासूबाई, वय ७२. घर सासऱ्यांनी ३० वर्षांपूर्वी बांधलेलं, बैठं, दोन बेडरूम, हॉल, किचन आणि बाथरूम एकच. सासरे आता नाहीत. मुलगी आजीच्या खोलीत झोपते, मुलगा आमच्यात. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते ते डायनिंग टेबलवर बसून. सकाळी बाथरूमवरून रोज भांडण. नवरा म्हणतो वर मजला चढवू, बाबांनी त्यासाठीच गच्चीवर सळया सोडून ठेवल्यात, त्याने वहीत प्लॅनपण काढलाय, फोटो सोबत पाठवतेय. मला वाटतं हे विकून मोठा फ्लॅट घ्यावा. सासूबाई म्हणतात मी इथून हलणार नाही. दीर दुसऱ्या शहरात असतात, ते काहीच बोलत नाहीत. दोन वर्षं हाच विषय चाललाय. तुम्हीच सांगा, वाढवायचं की हलायचं?"

पत्र मी बरंच कापून दिलंय, मूळ चार पानी होतं आणि खरं सांगू का, कापलेल्या भागातच सगळं होतं. मी पेन्सिल घेऊन बसले होते. तुमच्या चार पानांत बाथरूम हा शब्द सात वेळा आलाय, दार चार वेळा (मुलगी दार लावून घेते, मीटिंगमध्ये मागून कुणीतरी जातं, वगैरे) आणि खोली फक्त दोनदा. म्हणजे तुम्ही दोघं दोन वर्षं भांडताय मजला की फ्लॅट म्हणून, आणि घरात कमी काय पडतंय तर एक बाथरूम आणि दोन बंद होणारी दारं. मजला हे नवऱ्याचं उत्तर आहे, फ्लॅट हे तुमचं उत्तर आहे, प्रश्न काय ते कुणी नीट बघितलेलंच नाही.

आता दुसरं, जे लोक जवळजवळ कधीच मोजत नाहीत. जागा हवी आहे ती किती वर्षांसाठी? मुलगी १५ ची आहे. आज ठरवलं तरी ड्रॉइंग, परवानगी, कर्ज, कॉन्ट्रॅक्टर, बांधकाम हे सगळं धरून दीड वर्ष कुठे गेलं नाही, तोवर ती साडेसोळाची होईल, मग बारावी की आणि काय, आणि त्यानंतर ती शिकायला कुठे जाईल ते तिलाही माहीत नाही. ती जाईलच असं मी म्हणत नाहीये, पण तिच्या खोलीसाठी म्हणून पंधरा-वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं असेल तर हे तोंडाने एकदा बोलून घ्या. उलट सासूबाई ७२ च्या आहेत आणि त्यांची गरज वाढतच जाणार. त्यांना काय लागेल? तळमजल्यावर खोली, खोलीला लागून बाथरूम, धरायला दांडा, उंबरा नसलेलं दार, रात्री उठल्यावर आठ पावलांत पोचता यावं एवढं अंतर. मजल्याने यातलं त्यांना एकही मिळत नाही. जी दोन-चार वर्षांत कदाचित घराबाहेर पडेल तिच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय आणि जी ठामपणे सांगतेय की मी इथेच राहणार तिच्यासाठी प्लॅनमध्ये एक रेघ नाही, हे मला फोटो बघताना फार खटकलं.

बरं, आता त्या सळया. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण असल्या सळया असंख्य गच्च्यांवर उभ्या असतात आणि सगळ्यांना त्या बघून तेच वाटतं, वडिलांनी सोय करून ठेवलीय. वडिलांची इच्छा होती एवढंच त्या सळयांवरून कळतं. खाली पाया दोन मजल्यांचा घातला होता की नाही हे सळया सांगत नाहीत, कारण चार सळया वर सोडायला काहीच खर्च येत नाही, पाया मोठा करायला येतो. आणि ३० वर्षं उघड्यावर पाऊस खाल्लेली सळई म्हणजे निम्मा गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो आत शिरला की काँक्रीट आतून फुगतं, आधी सळईच्या रेषेत उभी चीर जाते आणि मग पापुद्रा सुटून पडतो. तुमच्या कॉलमच्या डोक्याशी अशी चीर आहे का ते आज गच्चीवर जाऊन बघा, त्याला इंजिनिअर लागत नाही.

वजनाचाही अंदाज देते, कारण "एकच तर खोली वाढवतोय" हे वाक्य मी फार ऐकलंय. दहा बाय बारा फुटांची एक खोली घ्या. वरचा पाच इंची स्लॅब साधारण साडेतीन टन. लोकांना वाटतं स्लॅबच जड, पण खरं वजन भिंतींचं असतं, चारही बाजूंनी नऊ इंची विटांची दहा फूट उंच भिंत घातली तर दारं-खिडक्या वजा करूनही पंधरा टनांच्या आसपास जातं. त्यावर प्लास्टर, फरशी, कपाटं, आणि हजार लिटरची टाकी ठेवली तर ते एकटं पाणीच एक टन. याच खोलीला एएसी ब्लॉकच्या (म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) सहा इंची भिंती घातल्या तर भिंतींचं वजन चारेक टनांवर येतं, म्हणजे वर बांधायचंच झालं तर हा विषय आधी निघायला हवा. पण हे सगळं वजन शेवटी जाणार कुठे? खाली, ज्या मातीवर पाया टेकलाय तिच्यावर. तुमचं घर कॉलम-बीमवर उभं आहे की भिंतींवर, म्हणजे लोड बेअरिंग, हे पत्रात नाहीये. सळया आहेत म्हणजे कॉलम असावेत, पण काही घरांत चार कोपऱ्यांना कॉलम आणि मधल्या भिंतींवर भार असा मिक्स प्रकारही असतो, आणि अशा घरात खालची मधली भिंत "ही काढू, हॉल मोठा होईल" म्हणून पाडणं म्हणजे जुगार आहे.

म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर. आर्किटेक्ट नव्हे, कॉन्ट्रॅक्टर तर नव्हेच. कॉन्ट्रॅक्टर गच्चीवर टाच आपटून म्हणेल "दोन मजले घ्या बिनधास्त", त्याला काम हवंय. इंजिनिअर दोन-तीन कॉलमच्या शेजारी खड्डा खणून पाया किती रुंद, किती खोल आणि कसल्या मातीवर आहे ते उघडं करून बघेल, काँक्रीटवर हॅमर टेस्ट (ठोक्यावरून ताकदीचा अंदाज) घेईल, शंका आली तर काँक्रीटचा गाभा काढून लॅबला पाठवेल, आणि मग लेखी देईल. लेखी हा शब्द महत्त्वाचा. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते आणि तुमचं दोन वर्षांचं भांडण कदाचित एका कागदाने मिटेल, पाया लहान निघाला तर मजल्याचा विषयच संपला, कुणी हरलं नाही कुणी जिंकलं नाही.

आता थोडं माझं. आम्ही मजला नाही चढवला, मागे एक खोली काढली. कॉन्ट्रॅक्टरने चार महिने सांगितले होते, लागले अकरा. तो माणूस वाईट नव्हता, पण मागची जागा खणली आणि खालून आमचाच ड्रेनेजचा चेंबर निघाला, जो कुठल्याच नकाशात नव्हता. लाइन फिरवावी लागली, तिथे दीड महिना गेला, मग पावसात काम बंद, मग सुतार गायब. त्या काळात आम्ही घरातच राहत होतो कारण भाडं वाचवायचं होतं, आणि भांडी बाथरूममध्ये घासत होतो, सिमेंटची धूळ कपाटातल्या बंद पेटीतल्या कपड्यांवरही होती. पुन्हा करायची वेळ आली तर भाड्याने राहीन, सरळ. तुमच्याकडे तर बाथरूम एक, माणसं पाच, त्यातलं एक ७२ वर्षांचं आणि एक शाळेच्या मोठ्या परीक्षांच्या तोंडावर, तेव्हा बांधकामाच्या बजेटमध्ये त्या काळाचं भाडं धरा, आणि नाही धरलं तर तो आकडा खोटा आहे असं समजा.

आणि आमची खरी चूक ही नव्हेच. मागे खोली काढल्यावर आधीच्या बेडरूमची खिडकी कुठे उघडायला लागली? नव्या खोलीत. म्हणजे बाहेरची खिडकी गेली, उजेड गेला, वारा गेला. एक खोली मिळवली आणि एक घालवली, ती मधली खोली आता दिवसाही लाइट लावून वापरतो, म्हणजे नाहीच वापरत, तिथे इस्त्रीचे कपडे पडून असतात. हे कागदावर कुणाच्या लक्षात आलं नाही कारण प्लॅनमध्ये सगळ्या खोल्या पांढऱ्याच दिसतात. शिवाय जुन्या भिंतीला नवी भिंत थेट जोडून घेतली. जुनं घर जेवढं खचायचं तेवढं कधीच खचून बसलेलं असतं, नव्याचं खचणं आत्ता सुरू होतं, त्यामुळे सांध्यावर चीर जाणारच, दोन्ही बांधकामं वेगळी ठेवून मध्ये जॉइंट, म्हणजे मुद्दाम ठेवलेली फट, सोडला असता तर ती चीर भिंतभर फिरली नसती. आम्ही दर दोन वर्षांनी ती भरतो. आता तिला नाव ठेवायचं बाकी आहे.

मजल्याचे त्रास आणखी वेगळे, थोडक्यात सांगते. कॉलम वर न्यायचे तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग जागोजागी फुटतं आणि खाली तुम्ही राहताय, म्हणजे एक अवेळी पाऊस आला की तो तुमच्या पलंगावर. नवा स्लॅब ओतल्यावर त्याची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात, आणि टेकू काढेपर्यंत त्याचा भार त्या टेकूंवरून तुमच्या जुन्या स्लॅबवर असतो, ज्याच्या खाली तुम्ही झोपलेले असाल. घाबरवत नाहीये, घरोघरी होतं हे, पण त्या टेकूंच्या काळात खाली राहायचं की नाही हे इंजिनिअरला विचारून ठरवा, "सगळे राहतात" यावरून नको.

आणि आता नवऱ्याचा प्लॅन. छान काढलाय, खरंच, मापं टाकलीयत, वर दोन बेडरूम, एक बाथरूम, एक ऑफिस. फक्त मी तीन वेळा बघितला, वर जायचं कुठून? जिनाच नाहीये. हसू नका, हे फार जणांचं होतं. दहा फूट चढायचं म्हणजे साधारण १८ पायऱ्या, मध्ये वळण घेणारा जिना धरला तरी त्याला साडेसहा बाय दहा फूट जागा खाली लागते आणि जवळजवळ तेवढंच भोक वर. म्हणजे खालची जागा आधी कमी होणार आणि मग वरची मिळणार. तुमच्या घरात ही साडेसहा बाय दहा कुठून येईल? हॉलमधून. नाहीतर बाहेरून जिना, मग पावसात छत्री घेऊन झोपायला जायचं, रात्री दोन कुलपं, आणि वरचा मजला हळूहळू वेगळं घर होतो. उलट पुढेमागे भाड्याने द्यायचा विचार असेल तर बाहेरचा जिनाच बरा, पण तो विचार आत्ताच करायला हवा, नंतर जिना हलवता येत नाही.

दीर काहीच बोलत नाहीत म्हणालात. ताई, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. घर कुणाच्या नावावर आहे? सासरे गेल्यावर कागद बदलले का? पत्रात यातलं काही नाही, आणि माझ्या अनुभवात जे पत्रात नसतं तेच नंतर निघतं. जागेत दिरांचा वाटा असेल तर तुम्ही कर्ज काढून वर जे बांधाल ते अर्धवट त्यांच्या जागेवर उभं असेल, आणि आज गप्प असलेला माणूस दहा वर्षांनी, त्याच्या मुलांना गरज पडल्यावर, बोलतो. तेव्हा तो चुकीचा नसतो. बँकही कर्ज देताना हाच प्रश्न विचारणार आहे, मालकी कुणाची, मंजूर नकाशा आहे का, जुन्या बांधकामात मंजुरीबाहेरचं काही आहे का. आणि विकायचं झालं तरी याच कागदांवर येऊन अडणार, त्यामुळे तुमच्या बाजूचा निर्णय झाला तरी सुटका नाही. दिरांशी नवऱ्याने स्वतः बोलावं, फोनवर नको, जाऊन भेटून, आणि जे ठरेल ते वकिलाकडून कागदावर. यात सहा महिने गेले तर जाऊ देत.

आता तुमचा फ्लॅट. नवऱ्याच्या मजल्याची मी एवढी चिरफाड केली म्हणून खूश होऊ नका. घर बदलण्यात असा खर्च असतो ज्याची एक वीटही मिळत नाही, सरकारी शुल्क, दलाली, वकील, सामान हलवणं, आणि नव्या घरात गेल्यावर पहिल्या वर्षी पडदे, कपाटं, ग्रील, हे सगळं. त्या पैशात कदाचित तुमचं बाथरूम होऊन जाईल, दोनदा. शिवाय आधी विकायचं की आधी घ्यायचं? आधी विकलं तर मधल्या काळात भाडं आणि घाईत घेतलेलं घर, आधी घेतलं तर दोन-दोन हप्ते आणि घाईत विकलेलं घर. मी स्वतः पहिलं पत्करेन, कारण हातात आलेला आकडा खरा असतो. फ्लॅट बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि आपल्याच पलंगाची, कपाटाची मापं लिहून न्या, रिकामी खोली फार फसवी असते. आणि रविवारी दुपारी नको, कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला जा, तिथून शाळेला, ऑफिसला निघून बघा. नाहीतर बाथरूमच्या रांगेतले वीस मिनिटं वाचवून रस्त्यावर चाळीस घालवाल.

सासूबाई हलणार नाही म्हणतात, त्यांना एकदा नीट विचारा, म्हणजे "का नाही" असं नको, "इथलं काय सोडवत नाही" असं. माझ्या वडिलांना घर सोडायचं नव्हतं असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. नंतर कळलं, त्यांना कोपऱ्यावरच्या बाकावरचे चार मित्र सोडायचे नव्हते, घराचं त्यांना फारसं काही नव्हतं, दोन गल्ल्या सोडून पलीकडे गेलो असतो तरी चाललं असतं. आम्ही विचारलंच नाही. सासूबाईंचं उत्तर अंगण निघालं तर फ्लॅट अवघड आहे, शेजारीण निघाली तर चालत जाण्याच्या अंतरावर बघा, आणि सासऱ्यांनी बांधलेल्या भिंती निघाल्या तर मग त्यावर वाद घालू नका.

मला विचाराल तर, आणि विचारलंच आहे, मजलाही नको आणि फ्लॅटही आत्ता नको. तळमजल्यावर सासूबाईंच्या खोलीला लागून एक बाथरूम, बाजूला मोकळी जागा असेल तर तिकडे काढा, म्हणजे कुठली खिडकी झाकली जाणार नाही, आणि आधी ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते खणून बघा. परवानगी त्यालाही लागू शकते, विचारून घ्या. हॉलच्या एका कोपऱ्यात हलकं पार्टिशन आणि खरं, बंद होणारं दार, सरकता पडदा नव्हे. त्यात तीन दिवस तुमचं ऑफिस, आणि उरलेल्या वेळात मुलीचा अभ्यास, तिला चावी द्या, चावीने फार फरक पडतो. पार्टिशन करताना आतला उजेड आणि हवा तेवढी बघा, वरचा दीड फूट काचेचा ठेवला तरी काम होतं. हे करून तीन वर्षं राहून बघा. तोवर मुलीचं चित्र स्पष्ट होईल, दिरांचा कागद होईल, आणि ज्यांना विकत घ्यायचं त्यांनाही दोन बाथरूमचं घर एका बाथरूमच्या घरापेक्षा बरं वाटतं, तेव्हा तो खर्च अगदीच वाया जात नाही. मजल्याचा पैसा मात्र विक्रीत सगळा परत येईलच असं धरू नका, आजूबाजूला सगळी बैठी घरं असतील तर तुमच्या घराला त्या गल्लीपेक्षा फार जास्त भाव कुणी देत नाही.

एवढं करूनही इंजिनिअरने पाया भक्कम आहे म्हणून लेखी दिलं, दीर सही करायला तयार झाले, आणि मुलगी तोंडाने म्हणाली की मी इथेच राहून शिकणार, तर मग चढवा मजला. ठरलेल्या खर्चावर वीस टक्के वेगळे काढून ठेवा आणि ते आहेत हे कॉन्ट्रॅक्टरला सांगू नका.

शेवटी तुम्ही ता.क. मध्ये विचारलंय की नवरा हे वाचून चिडेल का. चिडेल थोडा. त्याला हा सगळा पसारा वाचायला देऊ नका, फक्त वही आणि पेन्सिल द्या आणि म्हणा, जिना काढ ना यात. आणि तो काढत असताना सासूबाईंना शेजारी बसवा, त्यांना ३० वर्षांपूर्वीचा पाया कुणी खणला आणि किती खोल खणला ते बहुतेक आठवत असेल.